नाव ठेवू नकोस

मी तिसरीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे गोठ्यातली काळी शेळी व्याली. तीन करडं झाली. शेळीला सड दोनच असतात, हे मला तेव्हा कळलं. दोन दांडगी करडं आईला लुचायची आणि तिसरं, काटकीसारख्या पायांचं, मागच्या मागे ढकललं जायचं. आजीनं ते उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, औषधाची रिकामी बाटली धुऊन तिला निपल बसवलं आणि म्हणाली, "पाज त्याला. पर नाव ठिवू नगंस. नाव ठिवलं की जीव गुततो."

ते बोकड होतं. माणदेशातल्या त्या घरात बैलांना नावं होती, गाईला होतं, दारातल्या कुत्र्याला तर दोन होती. शेळ्या रंगावरून ओळखल्या जायच्या. बोकडांना तेवढंही नसायचं. बोकड म्हणजे येणाऱ्या हंगामाचं बियाणं, किंवा मामाची फी, किंवा जत्रेतलं जेवण. आजी कठोर नव्हती. ती पहाटे चारला उठून शेळ्यांच्या अंगावर पोतं आहे का ते बघायची. तिला फक्त पुढचं ठाऊक होतं.

मी नाव ठेवलं. दूध पाजताना त्याच्या कानात म्हणायचे. कुणालाही सांगितलं नाही.

हे सगळं मी विसरले होते असं नाही, पण ते वर आलं ते गेल्या पावसाळ्यात, लेकीला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवताना. पुस्तक अमेरिकेतलं, 1952 सालचं, ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब'. मी इंग्रजीतून बघत मराठीत सांगत जायचे. पहिल्याच वाक्यात आठ वर्षांची फर्न नाश्त्याच्या टेबलाची तयारी करताना आईला विचारते: बाबा कुऱ्हाड घेऊन कुठे निघालेत? रात्री डुक्करीण व्यालीय, एक पिल्लू अगदी खुरटं निघालंय, ते जगणार नाही, म्हणून बाबा निघालेत. फर्न ओल्या गवतातून धावत जाऊन कुऱ्हाडीला लटकते. माझ्या आवाजात काहीतरी झालं असावं, कारण लेक उठून बसली.

फर्नला पिल्लू मिळतं. ती त्याला बाटलीनं दूध पाजते आणि शाळेत बसल्या बसल्या त्याचं नाव ठरवते. बाई विचारतात, पेनसिल्व्हेनियाची राजधानी कोणती? फर्न स्वप्नातल्यासारखी उत्तर देते, "विल्बर." वर्गातली मुलं हसतात. मी हसू शकले नाही.

व्हाइट यांच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत फर्न नव्हतीच. गोष्ट गोठ्यातून सुरू होत होती. लिहून झालेलं त्यांनी बराच काळ बाजूला ठेवलं आणि मग ही मुलगी आणि ही कुऱ्हाड आणली. मला वाटतं, त्यांना उमगलं असावं की या गोष्टीत प्राण्याला आधी माणसाकडून नाव मिळायला हवं. गोष्टीचा सगळा भार पुढे शब्दांवरच पडणार होता.

त्या आधीची हकिगत जास्त खोल आहे. व्हाइट 1938 मध्ये न्यूयॉर्क सोडून मेन राज्यात समुद्रकाठच्या एका शेतावर राहायला गेले. मेंढ्या, कोंबड्या, हंस आणि एक डुक्कर. त्या भागातला रिवाज साधा होता: वसंतात पिल्लू विकत आणायचं, उन्हाळा आणि शरद खाऊ घालायचं, थंडी कडक झाली की कापायचं. एका वर्षी त्यांचं डुक्कर अचानक खाईना झालं. व्हाइट त्याला एरंडेल पाजत राहिले, एनिमा देत राहिले, रात्री उठून बघायला जात राहिले. ज्याला थोड्या महिन्यांत स्वतः मारणार होते, त्याला जगवण्यासाठी त्यांची ही धावपळ. ते मेलं. 1948 मध्ये त्यांनी त्यावर एक लेख लिहिला, आणि तो वाचताना कळतं की या माणसाच्या मनात काहीतरी अडकून राहिलंय. त्या लेखात त्यांच्या म्हाताऱ्या डाशहुंड कुत्र्याला नाव आहे, फ्रेड. डुकराला नाही. लेखभर ते नुसतं डुक्कर आहे.

चार वर्षांनी आलेल्या पुस्तकात त्याला नाव मिळालं आणि ते वाचलं.

मी मुलीला वाचून दाखवत होते तेव्हा एक गोष्ट सहज लक्षात आली आणि मग ती डोक्यातून जाईना. शेतकरी झकरमन यांच्या ज्या गोठ्यात विल्बर पुढे राहायला जातो, तिथे बोलणारे प्राणी पुष्कळ आहेत. हंसीण आहे, ती प्रत्येक शब्द तीन-तीनदा घोळवते. तिचा नवरा आहे. म्हातारी मेंढी आहे. एक कोकरू आहे, ते विल्बरला तोंडावर सांगतं की मला डुकरांची काहीच किंमत नाही. गाई आहेत, घोडा आहे. यांतल्या कुणालाही नाव नाही. सगळे हंसीण, मेंढी, कोकरू. नाव तिघांनाच: ज्याला वाचवायचं तो विल्बर, जी वाचवते ती शार्लट आणि कुरकुरत का होईना, ज्याच्यावाचून ते जमलंच नसतं तो उंदीर टेम्पलटन.

विल्बरला त्याचं मरण सांगणारी ती बिननावाची म्हातारी मेंढी आहे. सहज सांगते, चारा चघळत सांगावं तसं: तुला पोसताहेत ते नाताळच्या सुमारास कापायला. दरवर्षी हेच बघत आलेय. तिच्या बोलण्यात दुष्टावा नाही. माझी आजी बोलली असती तशीच ती बोलते.

पंचतंत्र आपण लहानपणापासून ऐकलं. तिथे प्राण्यांना सुरेख नावं आहेत, करटक, दमनक, संजीवक. पण दमनक हा कोल्हा कमी आणि दरबारातला मंत्री जास्त. त्याला आपण शेपटीसह बघत नाही. त्या कथांना ते नकोच आहे, त्यांना राजपुत्रांना शहाणं करायचं होतं, आणि ते काम त्या कथा अजून करतात. व्हाइट यांनी वेगळं केलं. त्यांचं डुक्कर शेणाच्या उबेत लोळतं. त्याच्या डोणीत काय ओतलं जातं याची ते मनापासून यादी देतात: साय काढलेलं दूध, पावाचे कडक तुकडे, बटाट्याच्या साली, उरलेलं सगळं. वाचताना तोंडाला पाणी सुटावं अशी यादी आहे ती.

आणि शार्लट. लेकीला सगळ्यात मोठा धक्का इथे बसला. विल्बर एकटेपणानं रडतोय, अंधारातून आवाज येतो, मी तुझी मैत्रीण होईन, सकाळी भेटू. सकाळी दारावरच्या कोपऱ्यात जाळं दिसतं आणि त्यात एक राखाडी कोळीण. ती मोठ्या शब्दात अभिवादन करते, स्वतःचं पूर्ण नाव सांगते: शार्लट ए. कॅव्हॅटिका. आणि लगेच नाश्ता करते. माशी जाळ्यात अडकते, ती तिला गुंडाळते, बधिर करते, आणि सांगते की मी माशा खात नाही, त्यांचं रक्त पिते. मला रक्त आवडतं.

"शी! मग ती चांगली कशी?" लेकीनं विचारलं.

विल्बरही तेच विचारतो. शार्लट माफी मागत नाही. ती म्हणते, माझी आई सापळे लावून जगली, तिची आई तशीच जगली, मी जाळं लावते म्हणून मला खायला मिळतं. तुला तर बादलीतून आणून देतात. विल्बरला ती क्रूर वाटते, धूर्त वाटते, आणि तरीही ती त्याला हवी असते. लेखक तिचं रक्त पिणं पुढे कधीही पुसून टाकत नाही, किंवा तिला शाकाहारी करून सोडवत नाही. विल्बरला मैत्रीण मिळते ती सापळे लावणारीच. मला या पुस्तकातलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

व्हाइट यांनी यासाठी कोळ्यांचा अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातल्या विलिस गर्ट्श या कोळी-तज्ज्ञांचं पुस्तक वाचलं, त्यांना जाऊन भेटले. 'कॅव्हॅटिका' हे आडनाव उगीच नाही. गोठ्यांत, धान्याच्या कोठारांत जाळी विणणाऱ्या एका जातीचं ते शास्त्रीय नाव आहे, अरेनिअस कॅव्हॅटिकस. शार्लट विल्बरला आपल्या पायाचे सात भाग नावानिशी सांगते. गार्थ विल्यम्स यांनी चित्रं काढायला घेतली, तेव्हा कोळ्याला बाईचा चेहरा नको, कोळी कोळ्यासारखा दिसू दे, हा व्हाइट यांचाच आग्रह होता. आपल्या गोठ्यातल्या एका कोळिणीची अंड्यांची पिशवी ते सोडवून न्यूयॉर्कला घेऊन गेले आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. काही दिवसांनी शेकडो पिल्लं बाहेर आली आणि त्यांनी केसांचा ब्रश आणि नखं कापायची कात्री यांच्यामध्ये धागे ओढायला सुरुवात केली.

आपल्याकडे मुंडकोपनिषदात कोळी येतो, ऊर्णनाभि. आतून धागा काढतो आणि परत आत घेतो, तसं हे विश्व. गोल जाळी विणणारे कोळी खरंच आपलं जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात. ज्यानं ते लिहिलं त्यानं कधीतरी पहाटे एका कोपऱ्याकडे बराच वेळ बघितलं असणार. घराघरांतून मात्र आपण त्याला जळमट म्हणतो आणि केरसुणी घेतो.

मग ते शब्द येतात, आणि माझी मराठी तिथे पणाला लागली.

शार्लटनं ठरवलंय की विल्बरला वाचवायचं. माणसं छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवतात, एवढं तिला पुरतं. एका धुक्याच्या सकाळी जाळ्यात दवाच्या थेंबांनी चमकणारे दोन शब्द दिसतात: 'सम पिग'. हे मराठीत काय म्हणायचं? "काय डुक्कर आहे!" म्हटलं तर शिवी होते. आपल्या भाषेत डुक्कर ही शिवीच आहे. शाळेच्या आवारात रोज ऐकू येते. थोडा वेळ थांबून मी म्हटलं, "डुक्कर असावं तर असं." लेकीनं मान डोलावली. नंतरचा 'टेरिफिक', तो "जबरदस्त" म्हणून सहज निघून गेला. तिसरा शब्द 'रेडिएंट'. तो टेम्पलटन लाकडांच्या खोपीतून आणतो, साबणाच्या चुऱ्याच्या खोक्यावरून फाडून. मी "झळझळीत" म्हटलं, कारण साबणाच्या खोक्यावर तोच शोभला असता.

चौथा 'हम्बल'. शार्लट सांगते, याचे दोन अर्थ: गर्व नसलेला, आणि जमिनीलगतचा. "नम्र"मध्ये पहिला अर्थ बसला, दुसरा नाही. आजी देवळात डोकं टेकताना एक शब्द वापरायची तो आठवला: लीन. लीन व्हावं, म्हणायची. लेकीला म्हटलं, "लीन डुक्कर." ती म्हणाली, "म्हणजे जमिनीवर पडलेलं?" म्हटलं, "हो, तसंही."

शब्द विणण्याचं वर्णन मला कारागिराच्या हाताशेजारी बसून बघितल्यासारखं वाटतं. शार्लट रात्री एकटीच स्वतःला सूचना देत विणते, धागा सोड, खाली उतर, चिकटव, जरा उजवीकडे. कोळ्याकडे धागे वेगवेगळे असतात, जाळ्याचा पाया रचायचे कोरडे आणि सावज पकडायचे चिकट. शार्लट अक्षरांसाठी कोरडा धागा वापरते. त्या शब्दांत कुणी अडकून मरू नये एवढी काळजी त्यात आहे, असं मी लेकीला सांगितलं. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

गाव लोटतं. सगळे डुकराला बघतात. झकरमन बायकोला सांगतो की आपल्याकडे एक असामान्य डुक्कर आहे. बायको म्हणते, मला तर वाटतं आपल्याकडे एक असामान्य कोळीण आहे. त्या बाईचं कुणी ऐकत नाही. फर्नची आई काळजीनं डॉक्टर डोरियनकडे जाते, मुलगी गोठ्यात बसून प्राण्यांचं बोलणं ऐकते म्हणते. डॉक्टर म्हणतात, शब्दांचं सोडा, जाळं हाच चमत्कार आहे, कोळ्याला ते कोण शिकवतं? प्राणी बोलत असतीलही. मुलांचं लक्ष मोठ्यांपेक्षा जास्त असतं.

टेम्पलटनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लेकीचा तो लाडका आहे. त्याला कुणाबद्दल प्रेम नाही. शब्दांचे तुकडे आणतो ते स्वतःच्या पोटासाठी. हंसिणीच्या आठ अंड्यांतून सात पिल्लं निघतात, उरलेलं नासकं अंडं तो डोणीखाली लपवून ठेवतो. फर्नचा भाऊ शार्लटला काठीनं पाडायला चढतो तेव्हा तोल जाऊन डोणीवर आपटतो, अंडं फुटतं, दुर्गंध सुटतो, पोरं पळतात आणि शार्लट वाचते. त्यात उंदराचा चांगुलपणा कुठेच नव्हता. व्हाइट त्याला शेवटपर्यंत सुधारत नाहीत. जत्रेत शार्लटची अंड्यांची पिशवी छताजवळून काढून आणायची वेळ येते, तेव्हाही तो फुकट हलत नाही. विल्बरला वचन द्यावं लागतं की इथून पुढे डोणीवर पहिला हक्क तुझा. विल्बर ते पाळतो, उंदीर फुगत जातो. मेंढी म्हणते, कमी खाल्लंस तर जास्त जगशील. तो म्हणतो, कायमचं जगायचंय कुणाला? लेक हे वाक्य आता जेवताना म्हणते.

ती जत्रा म्हणजे काउंटी फेअर: आकाशपाळणा, घोड्यांच्या शर्यती, डुकरांच्या स्पर्धा. विल्बरला पदक मिळतं. शार्लट म्हातारी झालीय. तिनं रात्री 514 अंड्यांची पिशवी विणली आहे, आणि ती घरी परतू शकणार नाही. तिच्या जातीच्या माद्या शरदात अंडी घालतात आणि मरतात. शास्त्रात हे एवढंच आहे, आणि लेखकानं त्यात ढवळाढवळ केली नाही. विल्बर तिची पिशवी तोंडात धरतो, लाळेत जपून, बोलता येत नाही म्हणून नुसता डोळा मिचकावून निरोप घेतो. दुसऱ्या दिवशी पाळणा उतरवला जातो, घोडे गाडीत चढतात, मैदान रिकामं होतं. शार्लट मेली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं, एवढंच लिहून व्हाइट थांबतात.

ते वाक्य मला मोठ्यानं वाचता आलं नाही. पुस्तक खाली ठेवलं. लेकीनं विचारलं, "आता?" म्हटलं, "उद्या." मग मला समजलं की 1970 मध्ये व्हाइट यांनी हे पुस्तक स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा सत्तरीतल्या त्या माणसालाही ही जागा वाचता येईना. स्वतः लिहिलेलं, अठरा वर्षांपूर्वी छापलेलं. सतरा वेळा प्रयत्न करावा लागला. मी ते ध्वनिमुद्रण ऐकलं. आवाज सरळ आहे, कोरडा, शेतकऱ्याचा.

वसंतात पिल्लं निघतात. एकेक पिल्लू कुंपणावर चढतं, डोक्यावर उभं राहतं, रेशमाचा फुगा सोडतं आणि उबदार वाऱ्यावर निघून जातं. कोळ्यांची पिल्लं खरंच अशी जातात, समुद्रापल्याडसुद्धा. विल्बर रडतो. शेवटी तीन थांबतात, दारावरच्या त्याच कोपऱ्यात जाळी विणतात आणि त्याला म्हणतात, आम्हाला नावं दे.

ज्याला एका मुलीनं वर्गात बसून नाव दिलं होतं, तो आता नावं देतो. पहिली आनंदानं थरथरतेय म्हणून जॉय. दुसरी विचारते, आईच्या नावातला 'ए' कशाचा? अरेनियाचा. मग ती अरेनिया. तिसरी म्हणते, मला एखादं साधं, समंजस नाव दे. ती नेली.

दिवा मालवल्यावर लेकीनं विचारलं, "तुझ्या करडाचं काय झालं?" तिला ते मी पहिल्या रात्रीच सांगितलं होतं, अर्धं.

उरलेलं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा आजोळी गेले. गाडीतून उतरून थेट गोठ्यात. काळी शेळी होती. दोन खुंट्यांची दावी रिकामी होती. आजी मागून आली. काही बोलली नाही, मला ओसरीवर बसवलं, डोक्याला तेल लावायला घेतलं. तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. आजोबा आत हिशेबाची वही बघत होते. बराच वेळ झाला, तेल कानामागून ओघळायला लागलं, आणि आजी केसांत बोटं तशीच ठेवून म्हणाली, "टिकल्या गेला गं, पोरी. आयतवारच्या बाजाराला."

त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. ते नाव मी कुणालाही सांगितलं नव्हतं.